सोड्यांच्या डब्यातली गुणपत्रिका

ही गोष्ट नेमकी कोणत्या वर्षी घडली, याबद्दल डॉ. काळूराम घरत यांचं स्वतःशीच एकमत नाही. दोन हजार सोळा म्हणावं, तर त्या वर्षी त्यांच्या डाव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं. सतरा म्हणावं, तर उजव्या. त्या दिवसांत आपल्याला एका डोळ्याने नीट दिसत होतं एवढं त्यांना पक्कं आठवतं. कोणत्या, ते आठवत नाही. (त्यांच्या पीएचडीच्या प्रबंधातसुद्धा ‘असे दिसते’ हे शब्द इतक्या वेळा आले होते, की परीक्षकांनी शेवटी ‘नक्की दिसते ना?’ असं विचारलं होतं.) तेव्हा साल सोडून द्यावं. महिना मात्र जुलैचा होता. या गोष्टीला दुसरा महिना चाललाच नसता.

सर मूळचे उरणजवळच्या मिठागरवाल्यांच्या घरातले. वडिलांनी जन्मभर मिठागरात मीठ ओढलं आणि सरांनी त्याच मिठावर डॉक्टरेट मिळवली. विषय होता, हवेतला ओलावा मीठ कसा आणि किती शोषून घेतं. त्याला सहा वर्षं लागली. तेव्हा लग्न नवीन होतं. सत्यवतीबाईंनी (त्याही मिठागरातल्याच घरच्या) प्रबंधात काय लिहिलंय ते एका दुपारी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, “म्हंजे पावसात मिठाला पानी सुटतं, हेच ना?”

सरांनी थोडा विचार करून हो म्हटलं. त्यानंतर त्या विषयावर घरात कधी चर्चा झाली नाही.

पुढे छत्तीस वर्षं सरांनी कॉलेजात रसायनशास्त्र शिकवलं. प्रयोगशाळेतला अमोनिया आणि कुजक्या अंड्याच्या वासाचे ते वायू हुंगून हुंगून त्यांचं नाक सरांच्या चार वर्षं आधीच सेवानिवृत्त झालं. फुलाचा वास नाही, गटाराचा नाही, गॅस गळला तरी नाही. सरांची तक्रार नव्हती. नसलेल्या गोष्टीची काळजी करावी लागत नाही, आणि तेवढीच एक काळजी कमी.

बाकीच्या काळज्या होत्याच. निवृत्तीनंतर त्या त्यांनी गावाला वाटायला घेतल्या. गावातला कोणी मुलगा किंवा मुलगी बारावी होऊन पुढे शिकायला निघाली, की आईबाप त्यांना सरांच्या ओटीवर आणून बसवत. सर त्यांना ‘विद्यापीठात प्रथम जाणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी सूचना’ असं शीर्षक असलेली सात पानं देत आणि वर तोंडीही समजावून सांगत. वर्गात पंख्याखाली बसू नये, कारण पंखे जुने असतात. ग्रंथालयातून एका वेळी एकच पुस्तक न्यावं, कारण दोन नेली की एक हरवतं. वसतिगृहातल्या खोलीत पलंग खिडकीपासून लांब आणि दारापासूनही लांब ठेवावा. (खोली आठ बाय दहाची असेल तर पलंग कुठे ठेवायचा, हे एका मुलाने विचारलं होतं. सरांनी त्याला पत्राने कळवतो म्हणून सांगितलं.) आणि या सगळ्यांच्या वर, लाल शाईने अधोरेखित, सूचना क्रमांक एक : मूळ कागदपत्रे जिवापलीकडे जपावीत.

त्या वर्षी या सात पानांची मानकरी सरांची स्वतःचीच नात होती. जागृती, मोठ्या मुलाची मुलगी. मुंबईच्या विद्यापीठात पाच वर्षांच्या विज्ञानाच्या अभ्यासक्रमाला तिचं नाव लागलं होतं. घरात बाकी सगळे बंदरावर ट्रेलर चालवणारे नाही तर ट्रेलर चालवणाऱ्यांना ओरडणारे. सरांनंतर विद्यापीठाची पायरी चढणारी ही पहिलीच. जुलैतल्या एका गुरुवारी अकरा ते दोन या वेळात मूळ कागद दाखवायचे होते. दहावी-बारावीच्या गुणपत्रिका, शाळा सोडल्याचा दाखला आणि जातीचे दोन कागद. कागद नसले किंवा खराब असले, तर जागा यादीतल्या पुढच्या मुलाला. नोटिशीतलं हे शेवटचं वाक्य सरांनी इतक्या वेळा वाचलं, की त्यांना ते विरामचिन्हांसकट पाठ झालं.

कागद सांभाळण्याचं काम त्यांनी स्वतःकडे मागून घेतलं. जूनमध्ये फाइल कपाटात ठेवताना त्यांना आपली स्वतःची डॉक्टरेटची पदवी दिसली. कुलगुरूंच्या सहीशेजारी बुरशीने आपली पांढरी सही केली होती. ज्या माणसाने ओलाव्यावर सहा वर्षं घालवली, त्याच्या कपाटात ही अवस्था. मग त्यांनी ठरवलं, की फाइल इथे ठेवायची नाही. घरात सर्वांत कोरडी जागा कुठली ते शास्त्रशुद्ध रीतीने शोधायचं. निर्णय एवढासाच होता.

सरांकडे एक आर्द्रतामापक होतं. (सत्यवतीबाई त्याला ‘ते बंद पडलेलं घड्याळ’ म्हणत.) ते घेऊन सर घरभर फिरले. कपाट ब्याऐंशी टक्के. पलंगाचा पेटारा पंच्याऐंशी. देव्हारा ऐंशी. टीव्हीच्या मागे अठ्ठ्याहत्तर, पण तिथे पाल. आणि मग स्वयंपाकघरात, सर्वांत वरच्या फळीवर, कडीचं घट्ट झाकण असलेला ॲल्युमिनियमचा उंच डबा. आत अडतीस टक्के. सरांनी तीनदा मोजलं. चौथ्यांदाही मोजलं, पण ते केवळ आनंदासाठी.

डब्यात पावसाळ्याची बेगमी होती : सोडे. उन्हात कडकडीत वाळवलेली सोललेली कोलंबी, वर्तमानपत्रात गुंडाळून ठेवलेली. सरांनी विचार केला. सोडे कागदात आहेत, फाइल प्लास्टिकची आहे, दोघांचा एकमेकांशी संबंध येत नाही. त्यांनी फाइल उभी आत सरकवली आणि कडी लावली. सोड्यांना वास असतो हे त्यांना माहीत नव्हतं असं नाही. आपल्याला दक्षिण ध्रुव जसा माहीत असतो, तसं माहीत होतं.

पुढचे तीन आठवडे सर रोज सकाळी डबा उघडून आकडा बघत आणि वहीत लिहीत. कागदांना मात्र त्यांनी हात लावला नाही. हाताच्या घामाचा ओलावा लागतो. रोज सकाळी फळीवर काय चालतं असं सत्यवतीबाईंनी एकदा विचारलं. “ओलावा,” सर म्हणाले. बाईंनी मान हलवली आणि पोळ्या लाटत राहिल्या.

बुधवारी दुपारी, म्हणजे कागद दाखवण्याच्या आदल्या दिवशी, सरांनी फाइल काढून जेवणाच्या टेबलावर ठेवली. तेवढ्यात प्रणय जेवायला आला. प्रणय हा जागृतीचा थोरला भाऊ, बंदरावर घरच्या ट्रेलरांचं काम बघणारा. तो दारातच थांबला.

“आजी, आज सोडे हायेत काय?”

सत्यवतीबाई म्हणाल्या, भेंडी हाय.

“मग वास कुठनं येतो?” तो नाकाच्या मागे चालत टेबलापर्यंत आला. फाइल उघडली आणि झटकन मिटली. “आजोबा, जागृतीची ॲडमिशन हाय का मासळीचा लिलाव?”

सरांनी फाइल नाकाशी धरली. काहीच नाही. अर्थात काहीच नाही. त्यांच्या नाकाशी मेलेला मासा धरला असता तरी काहीच नसतं. मग त्यांनी घरातल्या प्रत्येकाची साक्ष काढली. सत्यवतीबाई म्हणाल्या, सोड्यांच्या डब्यात ठेवलं तर काय गुलाबाचा वास येनार. सुनेने पदर तोंडाला लावून सांगितलं, की तसा फार नाही येत. जागृतीने एक गुणपत्रिका हुंगली, थोडासा आहे म्हणाली, काही होत नाही म्हणाली, आणि पुन्हा मोबाइलमध्ये डोकं घातलं. सरांना तिच्या पिढीची काळजी वाटली. जिची जागा जाणार होती तीच इतकी निवांत.

पुढच्या चार तासांत सरांनी जे केलं, ते रसायनशास्त्राच्या कोणत्याही पुस्तकात नाही. प्रथम पंख्याखाली कागद मांडून त्यांच्यावर वाट्या ठेवल्या. मग उदबत्तीची धुरी दिली. मग कॉफीची पूड फडक्यात बांधून फाइलमध्ये ठेवली, कारण कॉफी वास शोषते असं त्यांनी वाचलं होतं (किंवा कॉफीला वास येतो असं वाचलं होतं, आता नक्की सांगता येत नाही). मग सुनेची पावडर. दर उपायानंतर प्रणयला हुंगायला बोलावलं जाई. उदबत्तीनंतर तो म्हणाला, आता देवळात सोडे शिजतायत. पावडरीनंतर म्हणाला, आता सोडे लग्नाला निघालेत. पाचव्यांदा बोलावल्यावर त्याने सांगितलं, की आता माझं पण नाक गेलं आजोबा, आणि तो कामावर निघून गेला.

शेवटी सरांना उष्णता आठवली. वासाचे रेणू उष्णतेने उडून जातात. त्यांनी इस्त्री तापवली, शाळा सोडल्याच्या दाखल्यावर रुमाल पसरला आणि अलगद फिरवली. रुमाल सरकला. इस्त्री उचलून बघतात तो काय, मुख्याध्यापकांचा गोल शिक्का अर्धा कागदावर आणि अर्धा इस्त्रीच्या तळाला.

कागद खराब असले तर जागा पुढच्या मुलाला, पूर्णविराम. तांदूळ निवडत बसलेल्या सत्यवतीबाईंना त्यांनी कसंबसं सांगितलं, की शिक्का गेला. बाईंनी मान वर करून आधी दाखला बघितला, मग इस्त्री.

“त्या इस्त्रीनं आता माझी साडी करू नका,” त्या म्हणाल्या.

रायगड जिल्ह्यात याहून निष्ठुर बाई नसेल, असं त्या क्षणी सरांना वाटलं. पोरीचं आयुष्य इस्त्रीला चिकटलंय आणि हिला साडीची पडलीय.

गुरुवारी सकाळी प्रणय गाडीने सोडतो म्हणाला. सरांनी नको म्हटलं. बंदराच्या रस्त्यावर ट्रेलर अडकले की दोन-दोन तास सुटत नाहीत. (त्यांतले दोन ट्रेलर घरचेच असत, पण त्याने वाहतूक कमी होत नाही.) तेव्हा मोऱ्याच्या धक्क्यावरून लाँचने भाऊच्या धक्क्याला जायचं ठरलं. फाइल कापडी पिशवीत, पिशवी सरांच्या छातीशी.

लाँचमध्ये सरांनी डोळे बारीक करून प्रत्येक उतारूचं नाक बघितलं. एकही नाक हललं नाही. शेजारच्या बाईने तर पिशवीला टेकून डुलकी काढली. सरांच्या जिवात जीव आला. इस्त्रीने वास गेला! भाऊच्या धक्क्यावर उतरून चालतानाही कोणी वळून बघितलं नाही. शिक्का अर्धा गेला असला तरी निदान वास पूर्ण गेला, असा निष्कर्ष त्यांनी काढला आणि तो जागृतीला ऐकवलाही. सगळ्या मुंबईची मासळी जिथे उतरते त्या धक्क्यावर, सुक्या मासळीच्या टोपल्या घेतलेल्या माणसांमधून आपण चाललो आहोत, हे मात्र त्यांच्या निरीक्षणातून सुटलं. विद्यार्थ्याने अशी चूक केली असती तर सरांनी त्याला नापास केलं असतं.

टॅक्सी सुरू झाली आणि टॅक्सीवाल्याने न बोलता चारी काचा खाली केल्या. बाहेर पाऊस होता.

विद्यापीठात प्रवेशाच्या कचेरीच्या दारावर पाटी होती : पालकांनी बाहेर थांबावे. जागृतीने फाइल मागितली. सरांनी ती दोन्ही हातांनी दिली, परत घेतली, उघडून बघितली, पुन्हा दिली. कागद तपासणाऱ्या मॅडमनी विचारलं तर काय सांगायचं ते त्यांनी तिला तीन वाक्यांत सांगितलं आणि चौथ्यात ती तिन्ही मागे घेतली. तिने फाइल आपल्या पाठीवरच्या बॅगेत टाकली, बसा आजोबा म्हणाली आणि आत गेली.

सर व्हरांड्यातल्या बाकावर बसले. पाच मिनिटांत एक मांजर आलं. मग आणखी दोन. मग एक गाभण. सगळी रिकाम्या कापडी पिशवीकडे तोंड करून बसली, पहिल्या तासाच्या विद्यार्थ्यांसारखी. बाकावरचे दुसरे पालक उठून खांबाशी जाऊन उभे राहिले.

दारावरचा पहारेकरी हे बघत होता. गणराज नाव त्याचं, छातीवर पट्टी होती. तो जवळ आला आणि त्याने एक मोठा श्वास घेतला.

“काका, आपल्या साइडचे का तुमी? मी हरिहरेश्वरचा.”

सरांनी उरण म्हणून सांगितलं.

“सोडे ना? आई वांग्यात घालायची.” तो बाकाच्या टोकाला टेकला. तीन वर्षांत घरी पावसाळ्यात जाणं झालं नाही, असं तो सांगू लागला, आणि सांगता सांगता त्याने अजून एक श्वास घेतला. सरांनी घाबरत विचारलं, की आतल्या मॅडम कशा आहेत. गणराज म्हणाला, बाई देवमाणूस, फक्त वासाचं वावडं. अर्धशिशी उठते. काल एका मुलाचा बाप अत्तर लावून आत शिरला, त्याला बाहेर काढायला गणराजलाच जावं लागलं.

मग सरांना बसवेना. वीस मिनिटं झाली. तीस झाली. आत मॅडम कपाळ दाबून बसल्या असतील, जागृती रडत असेल, यादीतला पुढचा मुलगा खुर्ची पुढे ओढत असेल. सगळ्या गावाला कागद जपायला शिकवणाऱ्या माणसाने आपल्याच नातीचे कागद सुकवले, धुपवले आणि भाजले. चाळिसाव्या मिनिटाला सरांनी खिशातून आपलं जुनं कार्ड काढलं, डॉ. काळूराम घरत, एमएस्सी, पीएचडी, आणि मागच्या बाजूला बारीक अक्षरात लिहिलं : ‘कागदांना येणारा वास हा साठवणुकीतील दोष असून त्याचा विद्यार्थिनीच्या गुणांशी संबंध नाही. शिक्क्याची जबाबदारी माझी. शिक्षा द्यायची तर मला द्यावी.’ गणराजला हात जोडून त्यांनी ते मॅडमना द्यायला लावलं.

दहा मिनिटांनी जागृती बाहेर आली. एका हातात प्रवेशाची पावती, दुसऱ्यात सरांचं कार्ड.

“झालं, आजोबा. सर्व्हर बंद होता म्हणून वेळ लागला.”

“आणि वास? शिक्का?”

“काही बोलल्या नाहीत.” ती कार्डाकडे बघून ओठ दाबत होती. “हे वाचलं त्यांनी. म्हणाल्या, बाहेर आजोबा आहेत ना, त्यांना पाणी दे.”

सरांच्या डोळ्यांत खरंच पाणी आलं. इतकी वर्षं त्यांना आपल्या डॉक्टरेटबद्दल शंका होती, आणि आज ती पोरीच्या कामी आली. एका विदुषीने दुसऱ्या विद्वानाचा शब्द मानला होता. गणराजला त्यांनी पुढच्या खेपेला सोडे आणून द्यायचं कबूल केलं. मांजरांनाही काहीतरी म्हटलं. मग समोरच्या हॉटेलात बसून त्यांनी दोन मिसळी खाल्ल्या. कालपासून पहिल्यांदाच त्यांना भूक लागली होती. परतीच्या लाँचमध्ये ते पिशवी डोक्याखाली घेऊन मोऱ्यापर्यंत गाढ झोपले.

सोडे गणराजला पोचले. आणि सरांच्या सूचनांना आठवं पान जोडलं गेलं. दरवर्षी जूनमध्ये समाजमंदिरात नवीन विद्यार्थ्यांसाठी कार्यक्रम होई, त्यात सर ही हकिगत सांगत आणि शेवटी म्हणत, की मुलांनो, कागद अस्सल असला तर वासाने त्याचं काही बिघडत नाही; विद्यापीठ कागद बघतं, हुंगत नाही.

सहा वर्षांनी (की सात?) त्या कार्यक्रमाला जागृतीला बोलावलं. ती एमएस्सी होऊन तिथेच संशोधनाला लागली होती. सरांचं भाषण झाल्यावर ती उठली आणि मुलांना म्हणाली, “माझी एकच सूचना आहे. सगळ्या मूळ कागदांच्या रंगीत झेरॉक्स काढा. झेरॉक्स घरातल्या सगळ्यात काळजीवाल्या माणसाकडे सांभाळायला द्या. मूळ कागद दुसऱ्या कोणाकडे तरी ठेवा.”

सभागृह हसलं. प्रणय तर उठून बाहेर गेला. सरांना सूचना व्यवहार्य वाटली, आणि त्यांनी ती वहीत टिपून घेतली. घराच्या वाटेवर, पिंपळापाशी, ते एकदम थांबले.

घरी सत्यवतीबाई भेंडी चिरत होत्या. सरांनी सरळच विचारलं. बाईंनी सरळच सांगितलं. फाइल ठेवल्याच्या दुसऱ्याच दिवशी त्या सोडे काढायला गेल्या, तेव्हा त्यांना ती सापडली. जागृतीने त्याच संध्याकाळी उरणला जाऊन रंगीत झेरॉक्स काढून आणल्या. त्या फाइलमध्ये भरून फाइल परत डब्यात गेली, आणि मूळ कागद, त्या गुरुवारी जागृतीच्या बॅगेत जाईपर्यंत, कपाटात, बाईंच्या साड्यांच्या घडीत.

“त्या ब्याऐंशी टक्क्यांत?”

“व्हय.”

सरांनी हळूच विचारलं, की निदान मी तो दाखला इस्त्रीला चिकटवला, तेव्हा तरी मला सांगायचं.

“सांगितलं असतं,” सत्यवतीबाई भेंडीचं देठ उडवत म्हणाल्या, “तर तुमी खरे पन जपून ठेवले असते.”